टेबलावरचं काम आणि त्यात रमलेला जीव

शियाली रामामृत रंगनाथन १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा ग्रंथालयाचं काम म्हणजे काय हे त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. ते गणिताचे प्राध्यापक. मुलाखतीच्या आधी ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला ग्रंथालयांवरचा लेख वाचून काढला होता, एवढीच त्यांची तयारी. रुजू झाल्यावर काही आठवड्यांतच त्यांचा जीव तिथे गुदमरू लागला. वर्ग नाही, फळा नाही, शंका विचारणारी मुलं नाहीत. नुसती कपाटं आणि शांतता. त्यांनी विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना गाठून, मला पुन्हा गणित शिकवायला जाऊ द्या, अशी गळ घातली. अधिकाऱ्यांनी तोड काढली: आधी इंग्लंडला जा, तिथली ग्रंथालयं बघा, हे शास्त्र शिकून या, परत आल्यावरही मन रमलं नाही, तर गणिताची जागा तुमचीच.

हाच माणूस पुढे वीस वर्षं त्याच ग्रंथालयात रोज तेरा-तेरा तास, आठवड्याचे सातही दिवस, सुटी न घेता राबला. लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारी ते कामावर हजर झाले होते, असं सांगतात. या वीस वर्षांत त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि ग्रंथांच्या वर्गीकरणाची एक संपूर्ण नवी पद्धत उभी केली. जगभरच्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती आजही अभ्यासावी लागते.

विद्यापीठातल्या माणसांची कामावरची ओढ आणि त्यांच्या हातून घडणारं नवं काही, यांचा संबंध काय, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं विचारत आहेत. कर्मचाऱ्यांना प्रश्नावली द्यायची, कामाची ओढ किती आणि नव्या कल्पना किती सुचतात याचे आकडे घ्यायचे, आणि दोन्ही सोबत वाढतात का ते बघायचं, ही त्यातली सर्वांत सोपी रीत. पण असे आकडे सोबत वाढले, म्हणून ओढीमुळेच कल्पना सुचल्या असं सिद्ध होत नाही. उलटही असू शकतं. रंगनाथन यांच्या बाबतीत तर ते उलटच होतं, असं मला वाटतं. ओढ आधी नव्हतीच. आधी सापडला एक नीट अवघड प्रश्न.

लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असताना त्यांनी तिथली अनेक ग्रंथालयं पालथी घातली. पुस्तकांची विषयवार मांडणी तेव्हा बहुतेक ठिकाणी मेल्विल ड्युई यांच्या दशांश पद्धतीने होई. तिच्यात प्रत्येक विषयाला आधीच एक क्रमांक ठरलेला. ज्ञान वाढत जातं, दोन विषयांच्या सांध्यावर तिसरा जन्मतो, आणि त्याला क्रमांक देताना ओढाताण होते. गणिती डोक्याला ही ओढाताण खटकली. अशात सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो या खेळण्याचं प्रात्यक्षिक पाहिलं. त्याच पट्ट्या, तीच चाकं, तेच नटबोल्ट. त्यांतून विक्रेता एकदा एक वस्तू जोडतो, मोडतो आणि दुसरी जोडतो. रंगनाथन यांनी तिथे वर्गीकरणाचं उत्तर पाहिलं. तयार क्रमांक ठेवायचेच नाहीत. विषयाचे सुटे भाग ठेवायचे आणि पुस्तक समोर आलं की ते जोडून त्याचा क्रमांक बनवायचा. विदर्भातल्या कापसावरच्या किडीचं विसाव्या शतकातलं नियंत्रण, असं पुस्तक आलं तर पीक, कीड, उपाय, प्रदेश आणि काळ हे भाग वेगवेगळे उचलून एकापुढे एक मांडायचे. भाग जोडायला त्यांनी अपूर्णविरामाचं, म्हणजे कोलनचं चिन्ह वापरलं. म्हणून ही ‘कोलन वर्गीकरण’ पद्धत. परतीच्या प्रवासात त्यांनी बोटीवरच्या ग्रंथालयाचीच नवी मांडणी करून पाहिली. १९३१ मध्ये पाच नियमांचं पुस्तक आलं, १९३३ मध्ये कोलन वर्गीकरणाची पहिली आवृत्ती. गणिताची जागा त्यांनी परत मागितली नाही.

जर्मनीत मायकेल गीलनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नेमकी हीच दिशा दिसली. त्यांनी नवे व्यवसाय उभारणाऱ्या माणसांची आठवड्यामागून आठवडे पाहणी केली. ज्या आठवड्यात माणसाने जास्त मेहनत घेतली, त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याची कामाबद्दलची ओढ वाढलेली आढळली. पुढच्या प्रयोगात आणखी दोन गोष्टी दिसल्या: मेहनतीतून काम पुढे सरकताना दिसलं पाहिजे, आणि ते काम आपण आपल्या मर्जीने निवडलेलं असलं पाहिजे. म्हणजे ‘आपल्याला कशाची आवड आहे ते आधी शोधा, मग काम धरा’ हा तरुणांना सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धाच खरा आहे. मद्रासच्या अधिकाऱ्यांनी रंगनाथन यांना काम पाहायला वेळ दिला आणि परतीची वाट उघडी ठेवली. वाट उघडी होती म्हणून थांबण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा ठरला.

ओढ म्हटली की ती चांगलीच, असं आपण धरून चालतो. मॉन्ट्रियलमधल्या क्युबेक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी २००३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध लिहिला आणि या समजुतीचे दोन भाग केले. एखादं काम आपल्याला मनापासून आवडतं, महत्त्वाचं वाटतं, त्यात आपण वेळ आणि शक्ती ओततो, आणि हळूहळू ते आपल्या ओळखीचा भाग होतं. इथपर्यंत दोन्ही प्रकार सारखेच. फरक पडतो तो ते काम मनात कोणत्या वाटेने शिरलं यावर. स्वतःच्या मर्जीने, त्या कामाच्या गोडीपोटी शिरलं असेल तर ते घरदार, मैत्री, छंद यांच्याशी जुळवून घेऊन राहतं. याला आपण सुसंवादी ओढ म्हणू. प्रतिष्ठेसाठी, कुणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी, किंवा ‘हे नसेल तर मी कुणीच नाही’ या भीतीपोटी शिरलं असेल तर ते माणसाला पछाडतं. मग काम माणूस करत नाही, काम माणसाला फरफटत नेतं. व्हॅलेरँड यांनी यासाठी सायकलपटूही तपासले. क्युबेकच्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचतं, सायकल घसरते, जिवाला धोका असतो. तरीही सायकल न सोडणाऱ्यांमध्ये ही पछाडणारी ओढ अधिक आढळली.

नवं सुचण्याशी याचा संबंध कसा? पछाडलेला माणूस कष्टांत कमी पडत नाही, उलट जास्तच तास घालतो. पण नवं सुचायला हातातली वाट सोडून आजूबाजूला पाहावं लागतं, आणि त्याच्याने ती सोडवत नाही. अॅलिस आयसेन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. माणसाला एक मेणबत्ती, टाचण्यांनी भरलेली एक खोकी आणि काड्यापेटी द्यायची. मेण जमिनीवर सांडणार नाही अशा रीतीने मेणबत्ती भिंतीवर लावून दाखवायला सांगायचं. बहुतेक जण टाचण्या मेणबत्तीत खुपसायला बघतात. खोकी रिकामी करून तिचीच फळी बनवायची आणि ती भिंतीला टोचायची, हे सुचायला खोकीकडे ‘टाचण्या ठेवायची वस्तू’ म्हणून पाहणं थांबवावं लागतं. ज्यांना आधी थोडा वेळ विनोदी चित्रफीत दाखवली होती, त्यांच्यातल्या पुष्कळ जास्त लोकांना हे उत्तर सापडलं. मन प्रसन्न आणि सैल असलं की वस्तूचा नेहमीचा अर्थ सुटतो. सुसंवादी ओढ मनाला अशा अवस्थेत वारंवार नेते. पछाडणारी ओढ बहुधा दडपण आणि धास्ती घेऊन येते.

रंगनाथन कोणत्या प्रकारात बसतील? वीस वर्षं सुटी न घेणारा माणूस ऐकून आज कुणालाही शंका येईल. मला वाटतं, त्यांच्यात दोन्ही होतं, आणि मोठ्या कामांमागच्या माणसांत पुष्कळदा दोन्ही असतं. पण १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठ सोडावं लागल्यावर ते काही काळ खचले, तरी बसून राहिले नाहीत. बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तिथल्या सुमारे एक लाख ग्रंथांचं वर्गीकरण एकहाती करू लागले. ज्याची ओळख खुर्चीला बांधलेली असते, त्याची खुर्ची गेली की तो मोडतो. रंगनाथन यांची ओळख कामाला बांधलेली होती.

आतापर्यंत प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांच्याबद्दल बोललो. विद्यापीठाची निम्मी गाडी मात्र ज्यांच्या खांद्यावर चालते त्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा या विषयात क्वचितच विचार होतो. वरिष्ठ लिपिक, कक्षाधिकारी, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर, शिपाई. यांच्या कामात ओढ कसली आणि नवनिर्मिती कसली, असं धरून चालतात. अमेरिकेत अॅमी रेझनेस्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये १९६ कर्मचाऱ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातले लोक एका सरकारी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातले आणि एका छोट्या महाविद्यालयातले बिगरशिक्षक होते. आपल्या कामाकडे ही माणसं तीन प्रकारे पाहत होती: पोटापाण्याची नोकरी, वर चढायची शिडी, किंवा आपलं असं जीवितकार्य. तिन्ही गट आकाराने जवळजवळ सारखे निघाले. त्यातलीही खरी चकित करणारी गोष्ट पुढची. २४ प्रशासकीय सहायक, पद एकच, काम साधारण एकच. पण त्यांच्यातही तेच तीन गट जवळजवळ समसमान पडले. म्हणजे पदाचं नाव पाहून त्या माणसाला कामाची ओढ असेल की नाही, हे सांगता येत नाही.

आपल्याकडचं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. परीक्षा विभागात गुणपत्रिकेवरच्या नावदुरुस्तीचं टेबल. तालुक्याच्या गावाहून पहाटेची एसटी पकडून मुलगी आलेली असते. अर्ज, दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत, कॉलेजचं पत्र, पैसे भरल्याचं चलन, यातला एक कागद हमखास राहिलेला असतो. ‘कॉलेजचं पत्र नाही, ते घेऊन उद्या या.’ तिच्यासाठी उद्या म्हणजे आणखी एका दिवसाचा खाडा आणि आणखी एकदा तिकिटाचे पैसे. त्या टेबलावरच्या लिपिकाला दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट कळते, की बहुतेकांचं अडतं ते एकाच कागदावर. तो पत्राचा नमुना खिडकीवर चिकटवतो, संलग्न महाविद्यालयांना पाठवून देतो. इथवर नुसती आस्था आहे. पण त्याच्यात ओढ असेल तर तो पुढचा प्रश्न विचारतो: चुका होतात कुठे? अर्ज चाळता चाळता त्याच्या लक्षात येतं, की शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, कॉलेजच्या प्रवेश अर्जावर स्वतःचं नाव आधी, आणि आईचं नाव कुठे शेवटी तर कुठे मधेच. माहिती भरताना रकाने सरकतात. दुरुस्ती गुणपत्रिकेवर करायची नाहीच, ती प्रवेशाच्या अर्जावर करायची, असं त्याला सुचतं. संशोधक ज्याला सर्जनशीलता म्हणतात ती हीच: नवी आणि उपयोगाची कल्पना. रंगनाथन यांच्या कामाहून ती लहान आहे, पण जातीने वेगळी नाही.

पुढे तो टिपणी लिहितो. टिपणी कक्षाधिकाऱ्यांकडे, तिथून उपकुलसचिवांकडे, तिथून परीक्षा संचालकांकडे जाते आणि समासात ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येते. चर्चा होत नाही. वर्षभरात त्याचं टेबल बदलतं. ज्यांनी विद्यापीठाच्या कचेरीत दिवस काढले आहेत त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही, आणि हीच मोठी हानी आहे. दोन-तीन टिपण्या अशा परत आल्या की माणूस चौथी लिहीत नाही. मग आपण म्हणतो, या लोकांना कामाची ओढच नाही.

डाँग ल्यू, शाओपिंग चेन आणि शिन याओ यांनी २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’त प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हाच धागा मोजून दाखवला आहे. संस्था आणि वरिष्ठ माणसाच्या निर्णयाला जितका वाव देतात, तितकी त्याच्यात सुसंवादी ओढ रुजते, आणि त्या ओढीतून सर्जनशीलता येते. वाव आणि नवनिर्मिती यांच्या मधला दुवा ओढ आहे. मला या निष्कर्षातली व्यवहाराची बाजू महत्त्वाची वाटते. माणसाच्या मनात ओढ घालता येत नाही, प्रेरणेवरचं व्याख्यान ठेवून तर नाहीच नाही. कामात त्याला निर्णयाचा वाव देणं मात्र संस्थेच्या हातात असतं. गुणांच्या नोंदी आणि पैशांचे हिशेब यांत नियम कडकच हवेत, याबद्दल वाद नाही. पण अर्जाचा नमुना कसा असावा, रांग कशी लावावी, कुठली माहिती आधी मागावी, प्रयोगशाळेत साहित्य कुठे ठेवावं, हे ठरवायला कुलगुरूंची सही कशाला लागते?

महाराष्ट्रात सुसंवादी ओढीचं उदाहरण शोधायचं तर माझ्यासमोर इरावती कर्वे येतात. बर्लिनहून मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेल्या या बाईंनी १९३१ ते १९३६ या काळात मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात कुलसचिवपदाचं प्रशासकीय काम केलं. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्या तिथे शिकवायला आल्या, आणि मग जे सुरू झालं ते अखेरपर्यंत थांबलं नाही. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजचं उत्खनन, महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापनं, देशभरातल्या नातेव्यवस्थेचा अभ्यास, कोयना धरणामुळे उठलेल्या गावांची पाहणी. पंढरपूरच्या वारीत त्या चालत गेल्या आणि त्यावर लिहिलेल्या लेखात वारकरी बाया आणि अभ्यासक बाई यांच्यातली भिंत कुठे आहे ते सांगता येत नाही. ‘परिपूर्ती’मधले ललित लेख, ‘युगान्त’मधला महाभारताचा विचार आणि डेक्कन कॉलेजातलं संशोधन यांना त्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं नाही, एकातलं निरीक्षण दुसऱ्यात गेलं, घरातली सासू-सून नातेव्यवस्थेच्या प्रकरणात गेली. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते पुस्तक लिहिताना बढतीचे किती गुण मिळतील, हा हिशेब त्यांच्यापुढे नव्हता.

हा हिशेब पुढे आला. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी ‘एपीआय’ नावाची गुणांकपद्धत लागू केली. शोधनिबंधाला इतके गुण, परिषदेतल्या पेपरला इतके, पुस्तकाला इतके. हेतू वाईट नव्हता. वशिल्यापेक्षा मोजमाप बरं, असा विचार होता. पण मोजमापाचा ओढीवर काय परिणाम होतो, हे त्याच्या पंचवीस वर्षं आधी दिसलं होतं. तेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये ७२ तरुण लेखकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांनी आधी एक कविता लिहिली. मग एका गटाला लिहिण्याची आतली कारणं, म्हणजे शब्दांशी खेळण्यातला आनंद, मनातलं मांडल्याचं समाधान, यांची यादी महत्त्वाच्या क्रमाने लावायला दिली. दुसऱ्या गटाला बाहेरची कारणं, म्हणजे पैसा, नाव, वरिष्ठांची शाबासकी. हे काम अवघ्या पाच मिनिटांचं. त्यानंतर सगळ्यांनी एकेक हायकू लिहिला आणि जाणकार कवींनी, कोणता कुणाचा हे न कळता, त्यांना गुण दिले. बाहेरच्या कारणांचा नुसता विचार करून बसलेल्यांचे हायकू स्पष्टपणे कमी सर्जनशील ठरले. पाच मिनिटांत एवढं होत असेल, तर वर्षाकाठी भरायच्या गुणांच्या तक्त्याने काय होईल?

काय झालं ते समोर आलं. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत शिरलेल्या नियतकालिकांची तपासणी केली आणि २०१८ च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले: विश्लेषण केलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं दर्जाला उतरत नव्हती. मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. ज्या प्राध्यापकांनी तिथे निबंध छापले ते सगळे आळशी किंवा लबाड होते, असं मी मानत नाही. त्यांतल्या अनेकांना विषयाची ओढ होती. पण ओढ ज्या प्रश्नाकडे नेत होती त्याला तीन-चार वर्षं लागली असती, आणि तक्ता दरवर्षी भरायचा होता.

डेक्कन कॉलेजातच या हिशेबाला छेद देणारं एक काम चालू आहे. १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतचा ऐतिहासिक कोश हाती घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द उचलायचे, प्रत्येक वापराची एक चिठ्ठी करायची. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं. कोश अजून संपलेला नाही. एका शब्दाच्या शेकडो चिठ्ठ्या टेबलावर पसरून त्यांतला कोणता अर्थ आधी जन्मला, कोणता त्यातून फुटला, हे ठरवणं ज्याला यांत्रिक वाटेल त्याने एकदा तिथे जाऊन बसावं. अमाबिले यांनी पुढे २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे बारा हजार दैनंदिन नोंदी तपासल्या तेव्हा त्यांना आढळलं, की माणसाला कामात सर्वांत जास्त बळ देते ती अर्थपूर्ण कामातली रोजची छोटीशी प्रगती. कोशाच्या चिठ्ठीत ही प्रगती दिसते. टिपणी वर गेली आणि परत आलीच नाही, तिथे ती दिसत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं ती. ओढ असलेल्या माणसाची पिळवणूक करणं फार सोपं असतं.

हार्वर्डच्या वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी विल्यमिना फ्लेमिंग नावाची स्कॉटिश बाई मोलकरीण होती. नवऱ्याने गरोदरपणी सोडून दिलेली. पिकरिंग यांनी तिला वेधशाळेत घेतलं आणि १८८१ पासून ती तिथे कायम झाली. काचेच्या छायापट्ट्यांवरच्या ताऱ्यांच्या वर्णपटांचं वर्गीकरण करता करता तिने दहा हजारांहून अधिक तारे नोंदले, ३१० रूपविकारी तारे शोधले, १८८८ मध्ये छायापट्टीवर अश्वशीर्ष तेजोमेघ ओळखला. १९०० च्या तिच्या रोजनिशीत मात्र एक दुखरी नोंद आहे: तिला वर्षाला १,५०० डॉलर मिळतात आणि पुरुष सहायकांना २,५००. त्याच वेधशाळेत हेन्रिएटा लेविट आधी बिनपगारी आणि नंतर ताशी ३० सेंटवर काम करत होत्या. १९१२ मध्ये त्यांनी लहान मॅजेलन मेघातल्या २५ ताऱ्यांवरून दाखवून दिलं, की ताऱ्याची चमक जितक्या सावकाश कमीजास्त होते तितका तो मुळात तेजस्वी असतो. आकाशगंगांची अंतरं मोजण्याची पट्टी जगाला तिथे मिळाली. एडविन हबल यांचं काम तिच्यावर उभं आहे. पण लेविट यांना हा प्रश्न पुढे नेता आला नाही. पिकरिंग देतील ते काम करायचं, अशी रीत होती. पिकरिंग यांनी माणसं काम करायला नेमली होती, विचार करायला नाही, असं त्याच वेधशाळेतल्या सेसिलिया पेन यांनी पुढे नोंदवलं आहे. एवढी ओढ, एवढी बुद्धी, आणि वाव नाही. लेविट १९२१ मध्ये गेल्या. त्यांना वाव मिळता तर खगोलशास्त्र किती पुढे गेलं असतं, हा विचार मला अस्वस्थ करतो.

२०२० मध्ये जे युन किम, आरन के आणि सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनात लोकांना कर्मचाऱ्यांची वर्णनं वाचायला दिली. कर्मचाऱ्याला कामाची ओढ आहे असं सांगितलं, की त्याला बिनमोबदला जादा काम देणं, सुटीच्या दिवशी बोलावणं, त्याच्या कामात नसलेलं काम सांगणं हे वाचणाऱ्यांना अधिक योग्य वाटू लागे. ‘त्याला आवडतंच ना, त्याने तसंही केलं असतं’, असा तो तर्क. हा तर्क आपल्याकडे रोज ऐकू येतो. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत रिकाम्या जागा वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर चालवल्या जातात. नेट-सेट झालेला, पीएचडी झालेला तरुण सीएचबीवर, म्हणजे याच तासिका तत्त्वावर, शिकवतो, तासाप्रमाणे मानधन घेतो, ते मंजूर होऊन हातात पडेपर्यंत महिने उलटतात, सुटीच्या काळात काहीच मिळत नाही. आणि तोच सांस्कृतिक कार्यक्रम बसवतो, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली लावतो, मुलांना घेऊन शिबिराला जातो, कारण ‘सर फार धडपडे आहेत’. त्याच्या ओढीचा उपयोग करून घेणारी संस्था त्याच्या उद्याची हमी देत नाही. अशा अनिश्चिततेत सुसंवादी ओढ टिकणं अवघड. मनावर दडपण बसलं की ती पछाडणारी होते किंवा विझते. दोन्ही वाटांनी मुलांच्या वर्गातलं नवं काही कमी होत जातं. तासिकेवर शिकवणारे शिक्षक वर्गात तरीही जे काही नवं करून दाखवतात ते मी पाहिलं आहे, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या आदरावर व्यवस्था चालवू नये. जागा भराव्यात.

नॅकच्या स्वयं-अध्ययन अहवालात सातव्या निकषाखाली संस्थेला आपल्या दोन ‘उत्तम प्रथा’ लिहायच्या असतात. उद्देश, संदर्भ, प्रत्यक्ष कार्य, यशाचा पुरावा, आलेल्या अडचणी अशी सगळी माहिती तिथे भरतात, आणि बहुतेक वेळा कर्ता म्हणून ‘महाविद्यालयाने’ किंवा ‘विद्यापीठाने’ असा शब्द येतो. त्याच तक्त्यात आणखी एक ओळ घालावी: ही कल्पना प्रथम कुणाला सुचली, त्यांचं पद काय, आणि सुचल्यापासून अमलात यायला किती दिवस लागले. नावदुरुस्तीच्या टेबलावरचा तो लिपिक, ग्रंथालयातली परिचर, सीएचबीवरचे सर यांची नावं त्या ओळीत येऊ लागली, आणि दिवसांचा आकडा दरवर्षी कमी होताना दिसला, तर पुढची टिपणी लिहायला माणसं आपणहून पुढे येतील.